रेड डॉट, चार स्क्रू आणि वाया गेलेली चाळीस काडतुसं

चाळिशी उलटली की पेपर हात लांब करून वाचावा लागतो. रायफलीच्या पुढच्या साइटला ही सोय नाही. ती नळीच्या टोकाला बसलेली असते आणि तिथून हलत नाही. माझ्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) बोल्ट-ॲक्शन रायफलीवर मी बारा-तेरा वर्षं साध्या लोखंडी साइटनं नेम धरत आले. मागची खाच, पुढचं पातं आणि टार्गेट, तिन्ही तीन अंतरांवर. डोळा एका वेळी त्यातलं एकच स्पष्ट दाखवतो, आणि शिकवलेलं असं की नजर पुढच्या पात्यावर ठेवायची. गेल्या दोन वर्षांत ते पातंच विरघळायला लागलं. चष्मा लावला की टार्गेट स्वच्छ आणि पातं धूसर, चष्मा काढला की दोन्ही धूसर. शेवटी हट्ट सोडला आणि रेड डॉट साइट घेतली.

"लेझर लावलंस?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की आता उत्तर पाठ झालंय. लेझर नाही. साइटच्या नळकांड्यात मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात एक बारीक एलईडी असते. तिचा उजेड पुढे जाऊन समोरच्या वक्र काचेवर पडतो. त्या काचेवरचा लेप लाल रंगाचा एक अरुंद पट्टा तेवढा परतवतो, बाकीचा उजेड आरपार सोडतो. परतलेले किरण समांतर होऊन डोळ्यात येतात, म्हणून तो ठिपका हाताच्या अंतरावरच्या काचेवर न दिसता दूर टार्गेटपाशी असल्यासारखा वाटतो. टार्गेटवर प्रत्यक्षात काहीही पडत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ठिपका दिसतच नाही. लाल रंग वाटेत अडवला जातो, म्हणून काचेतून बघितलेलं जग किंचित निळसर दिसतं. पहिल्या दिवशी मला वाटलं काचेत दोष आहे.

कल्पना तशी जुनी. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब या दुर्बीणकारानं १९०० मध्ये परावर्तक साइटचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा एलईडी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. बॅटरीवर चालणारी, बंदुकीवर बसवता येणारी आजच्या धाटणीची साइट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं १९७५ मध्ये आणली. माझ्यासारखीच्या दृष्टीनं त्यातली कामाची गोष्ट एकच: डोळ्याला आता फक्त टार्गेट बघायचं आहे. दोन्ही डोळे उघडे, नजर टार्गेटवर, ठिपका आपोआप त्यावर येऊन बसतो.

बसतो म्हणजे, बसायला हवा. खोकं उघडून बटण दाबलं तर मला ठिपक्याऐवजी स्वल्पविराम दिसला. गोल डोकं आणि खाली उजवीकडे ओढलेली शेपटी. वस्तू खराब निघाली म्हणून मी ती परत खोक्यात भरायच्या बेतात होते. मग एक साधी परीक्षा आठवली. साइट हातात धरून डोळ्यासमोर चाकासारखी हळूहळू फिरवायची. शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटमध्ये. साइट फिरली आणि शेपटी जागच्या जागी राहिली, तर दोष बघणाऱ्यात. माझी शेपटी ढिम्म हलली नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून फोटो काढला तर फोटोत ठिपका छान गोल! चष्म्याच्या नंबराचा कागद काढून पाहिला, उजव्या डोळ्यापुढे 'सिलिंडर उणे ०.७५' असं सरळ लिहिलेलं होतं. बुबुळाचा आकार सगळीकडे सारखा गोल नसला की असं होतं. चष्मा लावला आणि उजेडाची पायरी चारने खाली आणली, तेव्हा शेपटी जवळजवळ गेली. अजूनही संध्याकाळच्या उजेडात पायरी जास्त ठेवली की ठिपका फुगतो आणि फुलासारखा दिसतो. ठिपका नुसता दिसेल इतपतच उजेड ठेवायचा, हे मी तेव्हाच ठरवलं.

जुळणीला शनिवारी दुपारी बसले. मॅगझिन काढलं, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी पाहिलं आणि करंगळी घालूनही पाहिलं. काडतुसं कपाटात, कुलपाआड. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी हे सगळं करायचंच. यावर माझी कुणाशीही चर्चा नाही.

रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या रायफलीच्या मधल्या भागाच्या, पाठीवर आटे पाडलेली चार भोकं कारखान्यातूनच असतात, त्यांत डमी स्क्रू बसवलेले. ते काढून त्यावर पिकाटिनी रेल, म्हणजे आडव्या खाचांची धातूची पट्टी, बसवायची आणि रेलवर साइटचा क्लॅम्प. या रेलचं माप ठरलेलं आहे. अमेरिकेच्या पिकाटिनी शस्त्रागाराच्या नावानं ओळखलं जाणारं हे मानक, मिल-स्टँडर्ड १९१३, फेब्रुवारी १९९५ मधलं: आडव्या खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. त्याआधीच्या वीव्हर रेलच्या खाचा अरुंद, ४.५७ मिलिमीटरच्या. म्हणून वीव्हरच्या मापाचा क्लॅम्प पिकाटिनीत बसून जातो, उलट मात्र बसेलच असं नाही. दोन्ही रेल दिसायला बहिणी-बहिणी. घेताना माप बघून घ्यावं.

रेलच्या पाकिटात चार स्क्रू होते. मी चारही वाटीत टाकले, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं, भोकांमधलं तेल कानकाडीनं पुसून काढलं. तेलावर थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा चिकट द्रव, धरत नाही. चारांपैकी दोन स्क्रू किंचित लांब होते, हे मला पुढच्या शनिवारी कळलं. रेलच्या पुस्तिकेत बारीक चित्र होतं. मी पुस्तिकेतला टॉर्कचा, म्हणजे स्क्रू किती जोरानं आवळायचा त्याचा, आकडा तेवढा वाचला होता.

आकडा होता १५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १.७ न्यूटन-मीटर. मनगटाच्या अंदाजाला हा फार थोडा वाटतो. एलन की हातात घेतली की आपण हमखास जास्त आवळतो, आणि एवढ्या बारीक स्क्रूचं डोकं गोल व्हायला वेळ लागत नाही. त्यासाठी मी ठरवलेला जोर लागला की आवाज करणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर उसना आणला होता. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब. निळंच का, तर ते पुढे हातानं उघडता येतं. लाल लावलं तर उघडायला तापवावं लागतं. मग चारही स्क्रू आधी नुसते टेकवून घेतले आणि आलटून पालटून थोडे थोडे आवळले. चारही वेळा स्क्रूड्रायव्हरनं 'टक' असा आवाज केला. तो आवाज इतका समाधानाचा असतो की त्यावर शंका घ्यावी असं वाटत नाही.

मग क्लॅम्प. क्लॅम्पच्या पोटात एक आडवी पट्टी असते, ती खाचेत बसते. आवळण्याआधी साइट नळीच्या दिशेनं पुढे रेटून धरायची. गोळी सुटली की रायफल मागे येते आणि साइट मात्र आपल्या जडत्वानं जागेवर राहू बघते, म्हणजेच रेलवर पुढे सरकू बघते. पट्टी आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असली की सरकायला जागा उरत नाही. पॉइंट टू-टूचा धक्का तो केवढासा, पण सवय चांगली. क्लॅम्पच्या बोल्टला मी थ्रेडलॉकर लावलं नाही, कारण साइट अधूनमधून काढायची होती.

साइट रेलवर पुढे ठेवायची की मागे, यात फार डोकं घालावं लागलं नाही. दुर्बिणीसारखं डोळ्यापासूनचं अंतर इथे जपावं लागत नाही. मी ती रिसीव्हरच्या पुढच्या भागावर ठेवली. तिथे नळकांड्याचा काळा काठ नजरेत कमी येतो. उंचीची मात्र गंमत झाली. साइटबरोबर आलेला माउंट, म्हणजे साइटखालची बैठक, उंच होता. त्यावर ठिपका बघायला गेलं की गाल दस्त्यावरून उठायचा आणि दस्त्याला नुसती हनुवटी टेकायची. डोकं असं अधांतरी राहिलं तर दर वेळी वेगळ्या जागी राहणार. बुटका माउंट घातल्यावर गाल परत जागेवर आला. नळीच्या मध्यापासून ठिपक्याच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजलं, चार सेंटिमीटर.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रेलपर्यंत पांढऱ्या पेंटची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. थ्रेडलॉकर पुरतं वाळायला चोवीस तास द्यायचे म्हणून रायफल तशीच पेटीत ठेवली.

रेंजवर गेल्यावर पहिलं काम गोळी न झाडता करायचं. रायफल वाळूच्या दोन पिशव्यांवर पक्की बसवली, बोल्ट काढला, आणि मागून नळीतून बघितलं. नळीच्या दुसऱ्या टोकाला नाण्याएवढा उजेड दिसतो आणि त्यात २५ मीटरवरचं काळं वर्तुळ. पिशव्या सरकवून ते वर्तुळ उजेडाच्या बरोब्बर मधोमध आणायचं. मग रायफलीला धक्का न लावता डोकं वर करून साइटमधून बघायचं आणि साइटवरचे जुळवणीचे दोन स्क्रू फिरवून ठिपका त्याच वर्तुळावर आणायचा. याला बोअर-साइटिंग म्हणतात. एवढं केलं की पहिली गोळी निदान कागदावर तरी लागते.

इथे मी पंधरा मिनिटं घालवली. ठिपका वर्तुळाच्या वर होता, तो खाली आणायचा होता. वरच्या स्क्रूवर बाण आणि 'अप'. मी बाणाच्या उलट फिरवलं. ठिपका आणखी वर. आणखी फिरवलं, आणखी वर. बाण गोळीची दिशा सांगतो, ठिपक्याची नाही. 'अप' म्हणजे गोळी वर लागेल, आणि गोळी वर लागण्यासाठी ठिपका काचेत खाली जावा लागतो, मग त्याला टार्गेटवर आणताना आपण नळी वर उचलतो. वाचताना सोपं आहे. पिशव्यांवर ओणवं होऊन, एक डोळा मिटून, मागे तिघं आपल्या पाळीची वाट बघत असताना ते तितकंसं सोपं राहत नाही.

आता क्लिक, म्हणजे जुळवणीचा स्क्रू फिरवताना लागणारा एकेक टप्पा. एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो कोन सुमारे २९ मिलिमीटर होतो, ५० मीटरवर साडेचौदा, २५ मीटरवर सव्वासात. माझ्या साइटची एक क्लिक एक एमओएची, म्हणजे २५ मीटरवर एका क्लिकला गोळी सव्वासात मिलिमीटर सरकायला हवी. ठिपका दोन एमओएचा.

पहिल्या तीन गोळ्या नऊ सेंटिमीटर खाली आणि चार सेंटिमीटर डावीकडे. हिशेब केला, बारा क्लिक वर, पाच उजवीकडे. पुढच्या तीन गोळ्या. आडवं अंतर भरून आलं होतं, अगदी हिशेबाबरहुकूम. उभं मात्र तीन सेंटिमीटर वर. चार क्लिक खाली आले. पुढचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, दोन सेंटिमीटर खाली. तीन क्लिक वर. मग दोन गोळ्या मध्यावर लागल्या, मला हायसं वाटलं, आणि तिसरी पुन्हा वर गेली.

यानंतर जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी एकेका गोळीवर स्क्रू फिरवायला लागले. वर लागली, एक खाली. खाली लागली, दोन वर. चाळीस काडतुसं गेली. टार्गेटच्या कडेला पेन्सिलीनं क्लिक मांडत होते म्हणून निदान हिशेब राहिला: नऊ वेळा फिरवाफिरव, आणि बेरीज-वजाबाकी करून मुक्काम जिथून निघाले तिथून दोन क्लिक वर.

रेंजवर एक ज्येष्ठ नेमबाज येतात. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. ते बराच वेळ मागे उभे होते, दुर्बिणीतून माझं टार्गेट बघत.

"ताई, जरा हात थांबवा," ते म्हणाले. "स्क्रूला हात न लावता पाच गोळ्या मारा. कुठे लागतात ते बघूच नका."

मारल्या. बोल्ट उघडून चेंबरमध्ये रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून फ्लॅग घातला, रेंज बंद झाल्यावर टार्गेट आणलं. पाच भोकं जवळजवळ एका उभ्या रेघेत. रुंदी सव्वा सेंटिमीटर, उंची साडेचार.

"श्वास धरायचं चुकतंय माझं," मी म्हणाले.

"पिशव्यांवर टेकून?" सरांनी कागद उजेडाकडे धरला. "आडवं बघा की. तुमचा हात बिघडला असता तर ही रेघ इतकी सरळ आली नसती."

"मग काडतुसं. वेग कमी-जास्त असेल."

"पंचवीस मीटरवर? हिशेब करा. तुमची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरनं निघते. टार्गेटपर्यंत ती पडते तीनेक सेंटिमीटर. वेगात दहा मीटरचा फरक पडला तरी दोन मिलिमीटर वर-खाली होईल. तुमचं साडेचार सेंटिमीटर झालंय."

मी त्यांना पांढऱ्या रेघा दाखवल्या. एकही तुटलेली नव्हती. क्लॅम्पचा बोल्ट टॉर्कवर तपासला, 'टक'. रेलचे चारही स्क्रू, टक, टक, टक, टक. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या अखंड पांढऱ्या रेघा बघून रडू येईल असं वाटलं. सगळं घट्ट असल्याचा पुरावा हातात, आणि समोर कागदावर ती रेघ.

सरांनी माझं बोट धरून रेल आणि रिसीव्हरच्या सांध्यावर ठेवलं, पुढच्या टोकाला. "बोट इथे ठेवा. दुसऱ्या हातानं साइट वर-खाली दाबा. बघू नका, नुसतं बोटाला काय कळतं ते सांगा."

आधी काहीच नाही. जरा जोरानं दाबलं तेव्हा बोटाच्या कातडीला काहीतरी जाणवलं. हालचाल म्हणावी इतकंही नाही. नाडी बघताना ठोका लागावा तसं. सरांनी टार्गेटच्या कडेची एक चिंधी फाडली, सांध्याशी धरली आणि सरकवली. कागद रेलच्या खाली शिरला आणि पहिल्या स्क्रूपर्यंत जाऊन थांबला.

"आता घरी जाऊन उघडा," ते म्हणाले. "इथे नको. आणि लांबी मोजा स्क्रूंची."

घरी वाटीत परत तेच चार स्क्रू. व्हर्नियर लावला. दोन एका लांबीचे, दोन दीड मिलिमीटरनं लांब. लांब स्क्रू मागच्या भोकांसाठी होते, तिथे रेल जाड आहे. मी ते पुढे लावले होते. पुढच्या भोकांच्या तळाशी नळीचा बुंधा येतो. स्क्रू खाली जाऊन त्या लोखंडाला टेकला, फिरायचा थांबला, स्क्रूड्रायव्हरनं आपलं काम केलं आणि टक म्हणाला. डोकं मात्र रेलवर पुरतं दाबून बसलंच नव्हतं. स्क्रू घट्ट होता, रेल घट्ट नव्हती. रेघ तुटणार कशी? स्क्रू फिरलाच नव्हता. भिंगाखाली त्या दोन स्क्रूंची टोकं पाहिली, काळ्या रंगावर चकचकीत घासलेली दोन वर्तुळं. मागे लावलेल्या आखूड स्क्रूंवर थ्रेडलॉकरचा निळा थर जेमतेम तीन आट्यांवर होता. म्हणजे साइटचा सगळा डोलारा मागच्या बाजूला सहा आट्यांवर तरला होता आणि पुढचं टोक प्रत्येक गोळीला उचलून परत बसत होतं, दर वेळी केसभर वेगळ्या जागी. केसभर म्हणजे किती? सव्वा-दीडशे मिलिमीटरच्या रेलचं एक टोक कागदाच्या जाडीइतकं, दशांश मिलिमीटर हललं, तर २५ मीटरवर दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो.

या वेळी मागे लांब, पुढे आखूड. मागच्या भोकांतून स्क्रू आरपार जाऊन बोल्टच्या वाटेत येण्याची भीती असते, म्हणून आवळल्यावर बोल्ट घालून दहा वेळा पुढे-मागे केला. कुठे अडला नाही. कागदाची चिंधी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. कुठेच शिरली नाही. नव्यानं रेघा ओढल्या. खरं तर त्यांच्यावरचा माझा विश्वास निम्म्यावर आला होता.

पुढच्या वेळी मी ठरवून गेले की पाच गोळ्यांच्या आत स्क्रूला हात लावायचा नाही. बोअर-साइटिंग, या वेळी बाण नीट वाचून. पाच गोळ्या. टार्गेट आणलं तर पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ. पाच सेंटिमीटर खाली, दोन सेंटिमीटर डावीकडे, पण एकत्र. मला त्या चुकीच्या जागी लागलेल्या ग्रुपचाच आनंद झाला.

झिरो, म्हणजे गोळी बरोबर ठिपक्यावर लागते ते अंतर, मला ५० मीटरचा हवा होता, म्हणून २५ वर गोळी मध्यावर आणायची नव्हती. साइट नळीच्या चार सेंटिमीटर वर बसलेली. गोळी त्या रेषेच्या खालून निघते, वर चढते, रेषा ओलांडते आणि ५० मीटरवर परत खाली येऊन तिला भेटते. माझ्या काडतुसाच्या वेगाला हिशेब केला तर १० मीटरवर गोळी सव्वा सेंटिमीटर खाली आणि २५ वर सव्वा सेंटिमीटर वर यायला हवी. तेव्हा पाच खाली, अधिक सव्वा, सव्वासहा सेंटिमीटर वर न्यायचं. साडेआठ क्लिक. अर्धी क्लिक नसते, आठ घेतल्या. उजवीकडे तीन. पुढचा ग्रुप मध्याच्या आठ-नऊ मिलिमीटर वर बसला. तिथे आणखी खेळत बसले नाही, टार्गेट ५० वर नेलं.

मधल्या वेळेत पॅरॅलॅक्सही, म्हणजे डोकं हललं की ठिपका टार्गेटवर किती सरकतो तेही, पाहून घेतला. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला हात न लावता डोकं हळूच डावीकडे-उजवीकडे नेलं. ठिपका काचेच्या काठाकडे गेला आणि टार्गेटवरही थोडासा सरकला. खोक्यावर 'पॅरॅलॅक्स-फ्री' लिहिलेलं असलं तरी जवळच्या अंतरावर थोडा सरकतोच. इलाज सोपा आहे: झिरो करताना ठिपका काचेच्या मधोमध ठेवायचा आणि गाल रोज त्याच जागी.

५० मीटरवर पहिला ग्रुप एक सेंटिमीटर खाली. एक क्लिक वर, साडेचौदा मिलिमीटर. आता अर्ध्या सेंटिमीटरहून कमी वर. उजवीकडे चारेक मिलिमीटर. अर्ध्या क्लिकपेक्षा कमी चूक उरली की थांबायचं. त्यापुढे एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला जाते, इतकंच. शेवटचे दोन ग्रुप २६ आणि ३१ मिलिमीटरचे. फार भारी नाहीत. ५० मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि नऊचं २६.४, आणि माझा दोन एमओएचा ठिपका तिथे २९ मिलिमीटर व्यापतो. नऊचं अख्खं वर्तुळ ठिपक्याखाली गडप. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत अशी साइट चालत नाही, तिथे बारीक छिद्रातून बघायची पीप साइटच, आणि दहाच्या मागे लागायचं असेल तर तीच बरी. मला पात्याशी झगडा न करता नेम धरायचा होता, तेवढ्यासाठी हे पुष्कळ झालं.

वहीत लिहिलं: ५० मीटर, काडतुसाचा लॉट, उजेडाची पायरी, दोन्ही स्क्रूंच्या टोप्या घट्ट. सीआर २०३२ सेलवर मार्करनं तारीख घातली. खोकं म्हणतं मधल्या पायरीवर ५०,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षांवर. मी दर वर्षी बदलणार. मग साइट मुद्दाम काढली, त्याच खाचेत पुढे रेटून परत लावली, टॉर्क दिला आणि तीन गोळ्या मारल्या. त्याच जागी.

पेटीच्या झाकणाला आतून एक चिकटपट्टी लावली आहे: 'लांब मागे, आखूड पुढे.' सरांनी ती वाचली आणि खिशातून चष्मा काढून परत वाचली.

"आणि कागद?" त्यांनी विचारलं.

टार्गेटच्या कडेची ती चिंधी चिकटपट्टीखाली लावून ठेवलेली आहे. दर वेळी रायफल पेटीतून काढली की आधी ती रेलखाली घालून बघते.